किती भागांची एक गोष्ट?

११ एप्रिल २००९ रोजी, ईस्टरच्या शनिवारी, बीबीसीने 'डॉक्टर हू' मालिकेचा 'प्लॅनेट ऑफ द डेड' हा विशेष भाग दाखवला. लंडनमधली एक लाल डबलडेकर बस बोगद्यात शिरते आणि बाहेर पडते ती थेट परग्रहावरच्या वाळवंटात. त्या बसचा नंबर होता २००. ही मालिकेची दोनशेवी गोष्ट असल्याचं जाहीर झालं होतं आणि तो आकडा बसच्या कपाळावर मुद्दाम झळकवला होता. पण आकडा बरोबर होता का? त्या वेळचे प्रमुख लेखक-निर्माते रसेल टी. डेव्हिस यांनीच कबूल केलं होतं की, तो मोजणाऱ्यावर अवलंबून आहे. १९८६चं चौदा भागांचं खटल्याचं कथानक एक गोष्ट धरायची की चार, २००७चा 'युटोपिया' हा भाग पुढच्या दोन भागांना जोडायचा की सुटा ठेवायचा, संपामुळे अर्धवट राहिलेली 'शादा' यादीत घ्यायची की नाही, यावर उत्तर बदलतं. मोजायची रीत बदलली की त्याच बसचा नंबर २०१ होतो, २०३ होतो, २०५सुद्धा होतो.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. २३ नोव्हेंबर १९६३ला ती सुरू झाली. डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी, पोलिसांच्या निळ्या खोक्यासारखं दिसणारं त्याचं टार्डिस नावाचं यान, आणि काळातून व अवकाशातून त्याची भटकंती. १९८९पर्यंत मालिका चालली, १९९६मध्ये एक टीव्हीपट आला आणि २००५पासून ती पुन्हा सुरू झाली. जुन्या काळी साधारण पंचवीस मिनिटांचे चार किंवा सहा साप्ताहिक भाग मिळून एक गोष्ट व्हायची. २००५नंतर बहुतेक गोष्टी पाऊण तासाच्या एकाच भागात संपू लागल्या, काहींना दोन भाग लागले. म्हणजे भाग आणि गोष्ट ही दोन मापं या मालिकेत पहिल्यापासून वेगळी आहेत. म्हणून कोणते भाग मिळून एक गोष्ट, हा वाद इथे जितका रंगला तितका दुसऱ्या कुठल्या मालिकेबाबत रंगलेला मला माहीत नाही.

हा वाद मला किरकोळ वाटत नाही. गोष्ट कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे ठरवल्याशिवाय तिच्याबद्दल काही म्हणताच येत नाही. ती घट्ट बांधलेली आहे की पसरट, शेवट पटला की नाही, सुरुवातीला दिलेला शब्द लेखकाने पाळला की नाही, हे सगळं त्या दोन टोकांवर अवलंबून असतं. दुसऱ्याच गोष्टीचा शेवट हिच्या माथी मारला, तर लेखकावर अन्याय होतो.

सर्वांत सोपी कसोटी वाटते ती पडद्यावरच्या नावाची. नाव एक, तर गोष्ट एक. पण ही कसोटी पहिल्या दिवसापासूनच कोलमडते. १९६६पर्यंत 'डॉक्टर हू'च्या प्रत्येक भागाला स्वतःचं स्वतंत्र नाव असे. सबंध गोष्टीचं नाव पडद्यावर येतच नसे. 'द सॅव्हेजेस'पासून एकच नाव आणि पुढे भागाचा क्रमांक अशी पद्धत आली. त्यामुळे पहिल्यावहिल्या गोष्टीला आजही तीन नावं आहेत: 'ॲन अनअर्थली चाइल्ड', 'हंड्रेड थाउजंड बीसी' आणि 'द ट्राइब ऑफ गम'. तिचा पहिला भाग लंडनमधली एक शाळा आणि भंगाराचं आवार यांच्यात घडतो, तर पुढचे तीन अश्मयुगातल्या टोळीत, आगीवरून चाललेल्या सत्तेच्या भांडणात. पहिला भाग वेगळा काढला तर तो एक उत्तम लघुकथा म्हणून उभा राहतो. तरीही मी चारही भागांची गोष्ट एकच मानतो. पहिल्या भागाच्या शेवटी डॉक्टर दोन शिक्षकांना त्यांच्या मनाविरुद्ध घेऊन निघतो. त्या तिघांमध्ये जो अविश्वास तयार होतो तोच पुढच्या तीन भागांत टोळीच्या भांडणाइतका महत्त्वाचा आहे.

दुसरी कसोटी क्लिफहँगरची. एक भाग संकटाच्या टोकावर थांबला आणि पुढचा तिथूनच सुरू झाला, की दोन्ही एकाच गोष्टीचे. हीदेखील टिकत नाही. अश्मयुगातून सुटका झाल्यावर टार्डिस एका अनोळखी ग्रहावर उतरतं, सगळे बाहेर पडायची तयारी करतात, आणि त्यांच्या पाठीमागे किरणोत्सर्ग मोजणाऱ्या यंत्राचा काटा धोक्याच्या खुणेकडे सरकतो. भाग तिथे संपतो. पुढच्या आठवड्यात डालेक नावाच्या शत्रूची गोष्ट सुरू होते, आणि ती संपताना यानात स्फोट होऊन तिसरी. सुरुवातीची अनेक वर्षं एका गोष्टीचा शेवट दुसरीच्या गळ्यात असा अडकवलेला असे, कारण पुढच्या शनिवारी प्रेक्षक परत यायला हवा होता. क्लिफहँगर हे प्रेक्षकाला धरून ठेवायचं साधन आहे. त्यावरून गोष्टीची हद्द ठरवली तर १९६३पासून पुढे कित्येक महिने एकच गोष्ट चालली होती असं म्हणावं लागेल.

तिसरा आधार कचेरीतला, म्हणजे निर्मितीच्या सांकेतिक क्रमांकाचा. बीबीसीने पहिल्या गोष्टीला 'ए', दुसरीला 'बी' असे संकेत दिले. अक्षरं संपल्यावर 'एए', मग 'एएए', मग '४ए'. वाद मिटवायला ही कागदपत्रं उपयोगी पडावीत असं वाटतं, पण तो क्रमांक सांगतो ते खर्चाचं आणि चित्रीकरणाचं गणित. याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे 'मिशन टू द अननोन'.

१९६४मध्ये 'प्लॅनेट ऑफ जायंट्स' या गोष्टीचे चार भाग चित्रित झाले होते. शेवटचे दोन रेंगाळतात म्हणून ते कापून त्यांचा एक भाग केला गेला आणि वेळापत्रकात एका भागाची जागा उरली. ती भरली ९ ऑक्टोबर १९६५ रोजी, 'मिशन टू द अननोन' या एकुलत्या एक भागाने. त्यात डॉक्टर नाही, त्याचे सोबतीही नाहीत. मार्क कोरी नावाचा एक हेर डालेकांच्या कटाचा सुगावा लावतो, संदेश ध्वनिमुद्रित करतो आणि मारला जातो. त्याच्याबरोबरचं कुणीच वाचत नाही. कटाचं पुढे काय झालं हे कळायला प्रेक्षकांना थांबावं लागलं, कारण मध्ये चार आठवडे ट्रॉयच्या युद्धाची 'द मिथ मेकर्स' ही गोष्ट चालली. मग १३ नोव्हेंबरपासून 'द डालेक्स मास्टर प्लॅन' ही बारा भागांची गोष्ट सुरू झाली आणि तिच्यात कोरीचा तो संदेश डॉक्टरच्या हाती लागला.

'मिशन' वेगळी गोष्ट की 'मास्टर प्लॅन'चा पहिला भाग? दिग्दर्शक वेगळे: 'मिशन'चे डेरेक मार्टिनस, 'मास्टर प्लॅन'चे डग्लस कॅमफील्ड. निर्मितीचा संकेतही वेगळा. प्रचलित याद्या ती वेगळी मोजतात. पण १९८९मध्ये जॉन पील यांनी 'मास्टर प्लॅन' दोन पुस्तकांत कादंबरीरूपात लिहिली, तेव्हा 'मिशन' त्यांनी पहिल्या पुस्तकातच घेतली. २०१९मध्ये सेंट्रल लँकेशर विद्यापीठाने हा हरवलेला भाग विद्यार्थ्यांना घेऊन नव्याने उभा केला, तोही एकटाच. मला पील यांचं बरोबर वाटतं. 'मिशन'मध्ये एक पेच पडतो: डालेक काय करणार आहेत आणि त्यांना कोण थांबवणार? तो पेच त्या भागात सुटत नाही, सुटण्याच्या जवळही जात नाही. मध्ये चार आठवड्यांची दुसरी गोष्ट आली म्हणून तो तुटत नाही. आपल्याकडे कीर्तनकार आख्यान रंगात आलेलं असताना थांबतो, नामाचा गजर होतो, मग आख्यान पुढे जातं. त्याला दोन आख्यानं कुणी म्हणत नाही.

हा पेचाचा निकष मला सगळ्यांत खरा वाटतो. जो पेच पडल्यावर गोष्ट सुरू झाली तो सुटला की ती संपली, मग मध्ये कितीही नावं, दिग्दर्शक आणि आठवडे येवोत. पण त्याला एक पुरवणी लागते. पहिल्या गोष्टीतल्या त्या दोन शिक्षकांना घरी परत जायचं होतं आणि ते १९६५च्या 'द चेस'मध्ये परतले. म्हणजे तो पेच दीड वर्षाहून अधिक काळ उघडा होता. तेवढ्यावरून मधल्या सगळ्या गोष्टी एक होत नाहीत. मालिकेचा पेच आणि गोष्टीचा पेच यांत फरक करावा लागतो. मालिकेचा पेच मागे वाहत राहतो, पात्रं त्याची आठवण काढतात, पण त्या त्या आठवड्यातलं प्रत्येक पाऊल त्याच्यासाठी उचललेलं नसतं. गोष्टीचा पेच पावलापावलाला जाणवतो.

हा फरक १९७८-७९च्या सोळाव्या पर्वात अगदी स्पष्ट दिसतो. त्या वर्षी डॉक्टरला 'की टू टाइम' नावाच्या वस्तूचे विश्वभर विखुरलेले सहा तुकडे शोधायचे होते. एकेका गोष्टीत एकेक तुकडा. तरीही त्या सहा गोष्टी म्हणून मोजल्या जातात, आणि ते योग्यच आहे. त्यांतली तिसरी, 'द स्टोन्स ऑफ ब्लड', शंभरावी गोष्ट मानली जाते. मधल्या गोष्टींचा क्रम आपण मनात उलटसुलट करून पाहिला तरी शोधाचं फारसं काही बिघडत नाही. तुकडा सापडणं हे प्रत्येक गोष्टीतलं निमित्त आहे. तिथल्या माणसांचे पेच तिथेच पडतात आणि तिथेच सुटतात. क्रम बदलता येतो का, हा प्रश्न पेचाच्या निकषाला चांगली जोड देतो. १९७३मध्ये 'फ्राँटियर इन स्पेस' आणि 'प्लॅनेट ऑफ द डालेक्स' या सहा-सहा भागांच्या गोष्टी एकापाठोपाठ एक आल्या. निर्माते बॅरी लेट्स यांना 'मास्टर प्लॅन'सारखं बारा भागांचं काहीतरी हवं होतं. तिथे क्रम बदलता येत नाही, पण पहिलीतला पृथ्वी आणि ड्रॅकोनिया यांच्यातल्या युद्धाचा पेच पहिलीतच मिटतो. त्या दोनच.

आता १९८६चा खटला. 'द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड' म्हणजे या सगळ्या वादाचं माहेरघर. मालिका अठरा महिने बंद ठेवली गेली होती, तिच्या भवितव्यावर प्रश्नचिन्ह होतं, आणि निर्मात्यांनी त्याच परिस्थितीची गोष्ट केली: डॉक्टरवरच खटला. ६ सप्टेंबर ते ६ डिसेंबर चौदा भाग. पडद्यावर नाव एकच आणि पुढे क्रमांक, एक ते चौदा. न्यायालयात व्हेलयार्ड नावाचा फिर्यादी डॉक्टरच्या भूतकाळातलं एक प्रकरण पुरावा म्हणून दाखवतो, ते पहिले चार भाग. मग अटकेच्या अगदी आधीचं प्रकरण, पुढचे चार. मग डॉक्टर स्वतःच्या बचावासाठी आपल्या भविष्यातलं एक प्रकरण दाखवतो, आणखी चार. शेवटच्या दोन भागांत खटल्याचा निकाल.

पडद्यावरच्या नावाप्रमाणे ही एक गोष्ट. निर्मितीच्या संकेतांप्रमाणे तीन, कारण '७ए' आणि '७बी' हे पहिल्या दोन प्रकरणांचे संकेत आणि शेवटचे सहा भाग एकाच दिग्दर्शकाकडे म्हणून त्यांना मिळून '७सी'. टार्गेट प्रकाशनाच्या कादंबऱ्यांप्रमाणे चार. चारही पुस्तकं वेगळी, नावं वेगळी. लेखकांवरून मोजायला गेलं तर शेवटचा जोडभागसुद्धा फुटतो. तेरावा भाग लिहिणारे रॉबर्ट होम्स मे १९८६मध्ये वारले. पटकथा-संपादक एरिक सॉवर्ड यांनी चौदावा भाग होम्स यांच्या कल्पनेवरून लिहिला, पण शेवट कसा असावा यावरून निर्माते जॉन नेथन-टर्नर यांच्याशी मतभेद झाले आणि सॉवर्ड यांनी आपली संहिता काढून घेतली. मग पिप आणि जेन बेकर या दांपत्याने नवा चौदावा भाग लिहिला. काढून घेतलेल्या संहितेतलं त्यांना काहीही सांगायचं नाही, असं कायदेशीर बंधन होतं. म्हणजे तेराव्या भागात पडलेल्या गाठी, त्या कशा सोडवायच्या होत्या हे माहीत नसलेल्या लेखकांनी सोडवल्या. हे वाचल्यावर त्या भागातली ओढाताण मला समजली, आणि त्या दोघांबद्दल आदरही वाटला.

आपल्या वाचकांना हा घाट परका नाही. वेताळपंचविशी याच बांध्याची आहे. राजा प्रेत खांद्यावर घेऊन निघतो, वेताळ गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो, राजा बोलतो आणि वेताळ पुन्हा झाडावर. रामानंद सागरांनी १९८५मध्ये दूरदर्शनसाठी 'विक्रम और बेताल' केली, तेव्हा आठवड्याला एक गोष्ट हा हिशेब कुणालाच अडचणीचा वाटला नाही. वेताळाच्या गोष्टींना बाहेरच्या चौकटीची गरज नसते. त्यांतली कुठलीही काढून मुलांना सांगता येते, मधल्यांचा क्रम बदलता येतो. म्हणून त्या पंचवीस गोष्टीच आहेत, चौकटीचा पेच शेवटी सुटत असला तरी.

खटल्यात तसं करून पाहू. पहिलं प्रकरण संपतं तेव्हा रॅव्होलॉक्स नावाचा ग्रह म्हणजे मूळची पृथ्वीच होती हे कळतं, पण ती जागेवरून हलवली कुणी आणि का, हे शेवटच्या दोन भागांतच समजतं. दुसऱ्या प्रकरणात डॉक्टरची सोबतीण पेरी मरताना दिसते, आणि तो पुरावा खोटा होता हे कळतं तेही शेवटी. इथे आतल्या गोष्टी आपापला पेच चौकटीच्या स्वाधीन करून जातात. अपवाद तिसऱ्या प्रकरणाचा, 'टेरर ऑफ द व्हर्व्हॉइड्स'चा. अंतराळातल्या प्रवासी जहाजावरची ती एक खूनमालिका आहे आणि बरीचशी स्वतःच्या पायावर उभी राहते. २०१९मध्ये या पर्वाचा ब्लू-रे संच आला, तेव्हा न्यायालयातले प्रसंग गाळून तिची एक स्वतंत्र आवृत्ती त्यात दिली गेली. ती बघता येते, समजते, आणि मला आवडतेही. तरी माझा निकाल एक असाच आहे. चौदा भागांत 'डॉक्टरचा काटा कुणाला काढायचा आहे आणि का' हा पेच एकदाही नजरेआड होत नाही, आणि भूत, वर्तमान, भविष्य हा पुराव्यांचा क्रम बदलता येत नाही. व्हर्व्हॉइड्सचे चार भाग या गोष्टीतला सैल सांधा आहेत. तो सैल आहे असं म्हणता येतं तेसुद्धा गोष्ट एक मानली म्हणूनच.

याच जातीचं आणखी जुनं उदाहरण अमेरिकेत आहे. 'स्टार ट्रेक'चा पहिला नमुनाभाग 'द केज' वाहिनीने नाकारला होता. नोव्हेंबर १९६६मध्ये 'द मिनॅजरी' या दोन भागांत तेच चित्रण स्पॉक या पात्रावरच्या लष्करी खटल्याचा पुरावा म्हणून वापरलं गेलं. पुढे १९८८मध्ये 'द केज' स्वतंत्रपणे दाखवला गेला. तेव्हापासून मूळ 'स्टार ट्रेक'चे भाग ७९ की ८० हा प्रश्न आहे. तिथे वाद भागांचाच असल्याने लवकर संपतो.

'शादा'बद्दल फार लिहीत नाही. डग्लस ॲडम्स यांनी लिहिलेली ही सहा भागांची गोष्ट. १९७९च्या संपामुळे चित्रीकरण अर्धवट राहिलं. १९९२मध्ये त्यात डॉक्टर झालेले टॉम बेकर यांच्या निवेदनाने जोडून ती व्हिडिओवर आली, २०१७मध्ये उरलेला भाग ॲनिमेशनने पूर्ण झाला. ती एक गोष्ट आहे याबद्दल वाद नाही. वाद आहे तो प्रक्षेपित न झालेलं मोजायचं का, एवढाच. माझ्या मते मोजू नये.

२००७चं प्रकरण मात्र वेगळं आणि फार सुंदर आहे. १६ जूनला 'युटोपिया' आला, २३ला 'द साउंड ऑफ ड्रम्स', ३०ला 'लास्ट ऑफ द टाइम लॉर्ड्स'. 'युटोपिया' घडतो विश्वाच्या अंतकाळी, शंभर लाख कोटी वर्षं पुढे. तारे विझले आहेत, उरलेली माणसं एका अग्निबाणातून युटोपिया नावाच्या आशेच्या ठिकाणाकडे जायला धडपडत आहेत, आणि प्रोफेसर याना नावाचा प्रेमळ म्हातारा त्यांना मदत करतो आहे. अग्निबाण उडतो. मग कळतं की याना म्हणजे डॉक्टरचा जुना वैरी मास्टर, आणि तो टार्डिस घेऊन पळतो. पुढचे दोन भाग आजच्या इंग्लंडमध्ये, मास्टर पंतप्रधान झाल्यावरचे.

'युटोपिया' वेगळा मानणाऱ्यांकडे चांगली कारणं आहेत. दिग्दर्शक वेगळा: तिथे ग्रॅम हार्पर, पुढे कॉलिन टीग. काळ वेगळा, जागा वेगळी, मास्टर साकारणारा नटसुद्धा वेगळा: आधी डेरेक जेकबी, मग जॉन सिम. अग्निबाण उडेल का हा त्या भागाचा पेच त्याच भागात सुटतो. टार्डिसविना मागे अडकलेल्या डॉक्टरची आणि त्याच्या दोन सोबत्यांची सुटका तर पुढच्या भागात काही क्षणांत उरकली जाते. नुसतं एवढंच पाहिलं तर मीही 'युटोपिया' वेगळा धरला असता.

पण तिसऱ्या भागात मास्टरच्या फौजेतला एक लोखंडी गोळा उघडला जातो आणि आत माणसाचं सुरकुतलेलं मुंडकं निघतं. पृथ्वीवर हाहाकार माजवणारे टॉक्लाफेन नावाचे ते गोळे म्हणजे त्या अग्निबाणातून गेलेली माणसंच. युटोपियात काही नव्हतंच. 'युटोपिया'च्या शेवटी आपल्याला वाटलं होतं की ती माणसं सुटली. तो पेच सुटलेला नव्हताच, आपल्याला फक्त सुटल्यासारखा दाखवला होता. त्या एका दृश्याने पहिला भाग मागे जाऊन पुढच्या दोन भागांना बांधला जातो. पहिला भाग न पाहता तिसरा पाहिला तर कथानक कळेल, पण तो धक्का बसणार नाही, आणि त्या धक्क्यावाचून या गोष्टीला अर्थ नाही. तिन्ही भागांची गोष्ट एकच, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

हाच निकष लावला की पुढची प्रकरणं भराभर निकालात निघतात. २०१७मध्ये 'एक्स्ट्रीमिस', 'द पिरॅमिड ॲट द एंड ऑफ द वर्ल्ड' आणि 'द लाय ऑफ द लँड' हे तीन भाग आले. तिन्ही भागांतला शत्रू एक, म्हणून त्यांना सर्रास तीन भागांची गोष्ट म्हटलं जातं. मला 'एक्स्ट्रीमिस' सुटा वाटतो. आपण राहतो ते जग खरं आहे का, हा त्याचा पेच तिथेच पूर्ण होतो, तोही मोठ्या ताकदीने. पुढच्या दोन भागांना त्यातून मिळते ती फक्त पूर्वसूचना. उरलेले दोन मिळून एक. २०१५च्या 'द गर्ल हू डाइड' आणि 'द वुमन हू लिव्ह्ड' या दोन गोष्टी. दुसरी पहिलीचा परिणाम दाखवते, पहिलीचा पेच पुढे नेत नाही. २०२१मध्ये करोनाच्या निर्बंधांत केलेलं 'फ्लक्स' हे सहा प्रकरणांचं पर्व एक. त्यातली 'व्हिलेज ऑफ द एंजल्स'सारखी प्रकरणं एकटीही पाहता येतात, पण 'फ्लक्स' नावाचं संकट प्रत्येक पावलाला आड येतं.

मग २००९च्या त्या बसचं काय? प्रचलित यादीत खटला एक आहे, 'युटोपिया'सह तीन भाग एक आहेत, 'शादा' नाही. तिथवर माझं जमतं. फरक पडतो तो 'मिशन टू द अननोन'चा. ती 'मास्टर प्लॅन'मध्ये धरली की 'प्लॅनेट ऑफ द डेड' १९९वी ठरते, आणि दोनशेवी गोष्ट होते त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेली 'द वॉटर्स ऑफ मार्स'. ती कितीतरी सरस आहे, त्यामुळे मान योग्य ठिकाणी जातो याचा मला आनंदच आहे.

पुरस्कार देणाऱ्यांना इतकी चर्चा परवडत नाही. ते घड्याळ लावतात. विज्ञानकथांसाठीच्या ह्यूगो पुरस्कारात लघु नाट्याविष्काराची मर्यादा नव्वद मिनिटं आहे. पाऊण तासाचे दोन भाग त्यात जेमतेम मावतात, म्हणून २००६मध्ये 'द एम्प्टी चाइल्ड' आणि 'द डॉक्टर डान्सेस' या जोडीला मिळून एक पुरस्कार मिळाला. तीन भागांची गोष्ट तिथे बसूच शकत नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या पहिल्या सबंध पर्वाला २०१२मध्ये दीर्घ विभागाचा पुरस्कार मिळाला आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या पर्वातल्या 'ब्लॅकवॉटर' या एकट्या भागाला लघु विभागाचा. एकाच मालिकेला दोन वर्षांत दोन मापं लागली. पुरस्काराला असा नियम लागतोच. त्यावरून गोष्टीबद्दल काही ठरवू नये एवढंच.

आपल्याकडच्या दूरदर्शनच्या जुन्या मालिकांत हा प्रश्न फारसा उठला नाही. शंकर नागांच्या 'मालगुडी डेज'मध्ये लघुकथा एका भागात संपत, आणि आर. के. नारायण यांच्या कादंबऱ्यांवरची 'स्वामी' किंवा मिठाईवाल्याची गोष्ट अनेक भाग चाले. बासू चटर्जींच्या 'ब्योमकेश बक्षी'त काही रहस्यं एका भागात उलगडत, काहींना दोन भाग लागत. मूळ लिखाण समोर असल्याने हद्द ठरलेलीच होती.

आजच्या मराठी दैनंदिन मालिकांत मात्र हद्दच दिसेनाशी झाली आहे. लेखनाच्या बैठकीत ती असते. तिथे ट्रॅक ठरतो, तो किती आठवडे चालवायचा हे ठरतं, तो टोकाला पोचला की रविवारचा महाएपिसोड ठेवला जातो. दोन मालिकांची पात्रं एका लग्नात किंवा गणपतीत आणून महासंगम केला जातो. हा ट्रॅक म्हणजेच गोष्ट. पेच पडतो, वाढतो, सुटतो. पण एक सुटण्याआधी दुसरा पडलेला असतो, आणि पडद्यावर कुठेही ट्रॅकचं नाव नसतं. वाहिनीच्या ॲपवर जाऊन पाहिलं तर तारीख आणि भागाचा क्रमांक एवढंच मिळतं. एखाद्या लेखिकेने तीन आठवड्यांत एखाद्या सासूचं किंवा कर्जबाजारी भावाचं अस्सल प्रकरण उभं केलं असेल, तर ते सातशेव्या भागापासून सातशे अठराव्यापर्यंत होतं हे पाच वर्षांनी कुणाला सांगता येणार आहे?

बीबीसीने साठच्या दशकातल्या फिती पुसून टाकल्या. त्यांतले नव्वदहून अधिक भाग दीर्घकाळ हरवलेले राहिले. तरी त्यांतला प्रत्येक भाग कुठल्या गोष्टीचा, तो कुणी लिहिला आणि कुणी दिग्दर्शित केला, हे सांगता येतं, कारण गोष्ट हे एकक तिथे कागदावर नोंदलेलं होतं. आपल्याकडे भाग सुरक्षित आहेत आणि गोष्टींची नोंद नाही. वाहिन्यांना आणि निर्मिती संस्थांना माझी विनंती आहे: ट्रॅक ठरतो तेव्हाच त्याला एक नाव द्या, ते ॲपवरच्या यादीत भागाच्या क्रमांकाशेजारी लिहा, आणि कथाविस्तार, पटकथा, संवाद कुणाचे हेही त्या ट्रॅकपुरतं तिथेच नोंदवा.